उंच केलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह वाहनातील पुढील ॲक्सल शाफ्टची झीज व पुनर्स्थापना : भंडारदरा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावर भंडारदरा वसलेले आहे. प्रवरा नदीवरील विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झाले आणि त्यामागे आर्थर सरोवर निर्माण झाले. या जलाशयाभोवती शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, मुरशेत अशी गावे आहेत. उत्तरेला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, दक्षिणेला रतनगड आणि पश्चिमेला कोकणात तुटून पडणारे कडे अशा चौकटीत हा प्रदेश सामावला आहे. घाटघर व रतनवाडी येथे पावसाळ्यात जो पाऊस पडतो त्याची कल्पना जिल्ह्याच्या पूर्व भागातील दुष्काळी गावांत राहणाऱ्यास सहजी येणार नाही. एकाच जिल्ह्यात पावसाची अशी दोन टोके आहेत.

या प्रदेशात चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या वाहनाचे स्थान हौसेपुरते मर्यादित नाही. काजव्यांच्या दिवसांत व श्रावणात येणाऱ्या पर्यटकांची ने-आण करणे हा अनेक कुटुंबांच्या वर्षभराच्या मिळकतीचा मोठा भाग असतो. तीच गाडी रात्री-अपरात्री एखाद्या रुग्णास राजूर वा अकोल्याला पोहोचविण्याच्या कामीही येते. अशी गाडी हंगामाच्या ऐन मध्यावर उभी राहिली, तर त्या घराचे गणित बिघडते. गेल्या दीड दशकात अशा वाहनांची उंची वाढविण्याची प्रथा येथेही रुजली आहे. खडक टाळता यावेत, ओढ्यातून जाता यावे, मोठे टायर बसावेत हे तिचे सांगितले जाणारे हेतू होत. गाडी रुबाबदार दिसावी हा न सांगितला जाणारा चौथा हेतू होय. उंची वाढविल्यानंतर काही काळाने पुढच्या चाकाकडून टकटक असा आवाज येऊ लागतो, शाफ्ट बदलला जातो आणि पुढच्या हंगामात तोच आवाज पुन्हा सुरू होतो. शाफ्ट का झिजतो, तो कसा बदलावा आणि बदललेला शाफ्ट पुन्हा का झिजतो, या तीन प्रश्नांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुढच्या चाकाची अडचण

मागच्या चाकाला फक्त फिरायचे असते. पुढच्या चाकाला फिरायचेही असते आणि वळायचेही असते. त्यामुळे त्याला शक्ती पोहोचविणारा शाफ्ट सरळ दांडा असून चालत नाही. त्यात वाकता येईल असा सांधा असावा लागतो. असा सर्वांत जुना सांधा म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तो युनिव्हर्सल जॉइंट. सोळाव्या शतकातील कार्डानो व सतराव्या शतकातील रॉबर्ट हूक यांची नावे त्याच्याशी जोडली जातात. हा सांधा मजबूत, स्वस्त व दुरुस्तीस सोपा आहे. परंतु त्यात एक उपजत दोष आहे. दोन शाफ्ट एका रेषेत नसतील, तर पहिला शाफ्ट एकसारख्या गतीने फिरत असतानाही दुसरा एकसारख्या गतीने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. दोन शाफ्टमधील कोन १० अंश असेल तर हा चढउतार अवघा दीड टक्का असतो. कोन २० अंश झाला की तो सुमारे सहा टक्के होतो. चाक ३० अंशांत वळविले असता दुसऱ्या शाफ्टची गती मूळ गतीच्या ०.८७ पट ते १.१५ पट अशी हेलकावे खाते. स्टिअरिंग पूर्ण वळवून चढ चढताना जुन्या जीपचे स्टिअरिंग हातात जो झटका देते, त्याच्या मुळाशी हेच गणित आहे.

या दोषावर उपाय म्हणून १९२० च्या दशकात ‘समगती’ सांधे पुढे आले. फ्रान्समधील ग्रेग्वार व फेनाय यांचा ‘ट्रॅक्टा’ सांधा, अमेरिकेतील वाइस यांचा पुढे ‘बेंडिक्स’ नावाने ओळखला गेलेला सांधा आणि आल्फ्रेड रझेप्पा यांचा गोळ्यांचा सांधा हे त्यांतील प्रमुख होत. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या पुढच्या ॲक्सलमध्ये हे तिन्ही प्रकार वापरले गेले. आज ज्याला सरसकट ‘सीव्ही जॉइंट’ म्हटले जाते, त्यातील चाकाकडचा सांधा बहुतेक वेळा रझेप्पाच्या कल्पनेवरच आधारलेला असतो. यात सहा पोलादी गोळे असतात. आतल्या व बाहेरच्या भागांत कोरलेल्या खाचांमधून ते सरकतात आणि एक पिंजरा त्यांना दोन्ही शाफ्टमधील कोनाच्या बरोबर मध्यावरील पातळीत धरून ठेवतो. शक्ती या मध्यपातळीतून जात असल्याने दोन्ही बाजूंना सारखीच गती मिळते. युक्ती एवढीच, पण ती साधण्यासाठी खाचांचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत व ग्रीसने माखलेला असावा लागतो. क्रॉसमध्ये थोडी माती गेली तरी तो काही काळ कुरकुरत का होईना चालतो. गोळ्यांच्या सांध्याला मात्र मातीचा कणही खपत नाही.

शाफ्टच्या आतल्या टोकाला, म्हणजे डिफरन्शियलकडे, दुसरा सांधा असतो. चाक वर-खाली होताना शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी लागते. म्हणून हा सांधा वाकतोही आणि सरकतोही. या सरकण्याच्या सोयीची किंमत म्हणून त्याची वाकण्याची मर्यादा कमी असते. चाकाकडचा सांधा साधारण ४५ अंशांपर्यंत वाकू शकतो, तर आतला सांधा साधारण २० ते २५ अंशांतच थकतो. पुढील विवेचनात हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

दोन प्रकारच्या गाड्या, दोन प्रकारचे परिणाम

गाडी उंच केली की पुढचे शाफ्ट झिजतात, असे विधान सरसकट केले जाते. ते अर्धेच खरे आहे.

१९४७ नंतर मुंबईत महिंद्रने विलीजच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली. तेव्हापासून सीजे-३बी, एमएम ५४० यांसारख्या ज्या जीप महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या, त्यांचा पुढचा ॲक्सल अखंड नळीचा असून तो पाट्यांवर बसविलेला असे. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीची रचनाही अशीच होती आणि २०२३ साली भारतीय बाजारात आलेल्या जिम्नीतही, पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असली, तरी अखंड ॲक्सलच आहे. अशा गाडीत शाफ्ट नळीच्या आत बंदिस्त असतो. पाटे वाढवून गाडी कितीही उंच केली, तरी नळीतील शाफ्ट व चाक यांचा परस्पर कोन बदलत नाही. उंचीचा परिणाम होतो तो पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर आणि चाकांच्या कलावर. तेथे पुढचे ॲक्सल शाफ्ट खराब होतात ते अन्य कारणांनी : नकलचे सील फाटून पाणी आत जाणे, वर्षानुवर्षे ग्रीस न बदलणे, मोठे टायर लावून स्टिअरिंग पूर्ण वळलेले असताना जोर देणे इत्यादी.

२०१० साली बाजारात आलेल्या थारची गोष्ट वेगळी आहे. दिसायला ती जुन्या जीपची वारसदार असली, तरी तिच्या पुढच्या बाजूस अखंड ॲक्सल नाही. डिफरन्शियल चासीला बांधलेले, प्रत्येक चाक स्वतंत्र भुजांवर आणि वजन पेलायला टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी पोलादी कांब, अशी ती रचना आहे. २०२० साली आलेल्या व नाशिकला तयार होणाऱ्या नव्या थारमध्ये टॉर्शन बारच्या जागी कॉइल स्प्रिंग आली. परंतु पुढची चाके स्वतंत्रच राहिली. या गाड्यांत डिफरन्शियल चासीबरोबर वर जाते आणि चाक जमिनीवरच राहते. अर्थातच दोहोंना जोडणारा शाफ्ट तिरका होतो. ‘उंची वाढविली आणि शाफ्ट गेला’ ही तक्रार प्रामुख्याने या गाड्यांची आहे. जुन्या जीपवर हात बसलेला कारागीर जेव्हा त्याच आत्मविश्वासाने थार उंच करून देतो, तेव्हा चूक त्याच्या कौशल्याची नसते. गाडीचा वंश बदलला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते इतकेच.

उंची आणि कोन

टॉर्शन बार असलेली गाडी उंच करणे फसवे सोपे आहे. कांबेच्या मागच्या टोकाला असलेला बोल्ट काही आटे पिळला की पुढची बाजू वर येते. नवा सुटा भाग लागत नाही, खर्च जवळजवळ शून्य. पण या क्रियेने सस्पेन्शनला नवी हालचाल मिळत नाही. चाक जास्तीत जास्त किती वर व किती खाली जाईल, हे थांबे पूर्वीच ठरवून देतात. बोल्ट पिळल्याने फक्त गाडी उभी असतानाची चाकाची जागा खालच्या थांब्याजवळ सरकते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, दोन सांध्यांमधील आडवे अंतर ४० सेंटिमीटर आहे आणि मूळ स्थितीत आतला सांधा बाहेरच्यापेक्षा ५ सेंटिमीटर उंच आहे. शाफ्टचा तिरकेपणा सुमारे ७ अंश होईल. गाडी आणखी ५ सेंटिमीटर उंच केली की तो १४ अंश होतो. चाक पूर्ण लोंबकळले आणि फरक १७ सेंटिमीटर झाला, तर कोन २३ अंश भरतो. म्हणजे आतल्या सांध्याची मर्यादा जवळ येते. आता या तीन आकड्यांकडे नीट पाहिले असता असे दिसते की, २३ अंशांचे टोक मूळ गाडीतही होतेच. चाक मोठ्या खड्ड्यात लोंबकळल्यावर क्षणभर ते येत असे. उंच केल्यावर दोन गोष्टी बदलतात. टोक हाकेच्या अंतरावर आल्याने लहान खड्ड्यातही तेथे पोहोचता येते. आणि दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे, सरळ रस्त्यावर गाडी शांतपणे चालत असतानाचा कोन दुप्पट होतो.

हा दुप्पट कोनच शाफ्टला खातो. कोन असला की प्रत्येक फेऱ्यात गोळा खाचेत मागे-पुढे सरकतो आणि रबरी बूट एका बाजूने दबून दुसऱ्या बाजूने ताणला जातो. कोन दुप्पट झाला की गोळ्याचे सरकणेही जवळपास दुप्पट होते, त्याबरोबर घर्षण व उष्णता वाढते. थारच्या २३५/७० आर १६ आकाराच्या टायरचा परिघ सुमारे २.३ मीटर आहे, म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ४३५ फेरे होतात. मुंबईहून कसारा, इगतपुरी, घोटी या मार्गाने भंडारदऱ्याला येणारी गाडी दीडशेहून अधिक किलोमीटर चालून येते; तेवढ्या वेळात बूट साठ हजारांहून अधिक वेळा मुडपला जातो. ज्या गाड्यांत पुढची चाके शाफ्टपासून सुटी करणारे हब नसतात, त्यांत लिव्हर टू-व्हीलमध्ये असला तरी शाफ्ट चाकाबरोबर फिरतच राहतो. त्यामुळे ‘आम्ही फोर-व्हील कधी वापरतच नाही’ हा मालकाचा युक्तिवाद फारसा टिकत नाही. साम्रदच्या चिखलात शाफ्ट तुटला असे वाटते खरे. त्याची झीज मात्र महामार्गावर झालेली असते.

बाहेरच्या सांध्याला स्टिअरिंगचा कोनही सोसावा लागतो. चाक ३५ अंश वळविले असता मूळ उंचीला एकत्रित कोन सुमारे ३५.६ अंश होतो, उंच केलेल्या गाडीत ३७.४ अंश आणि चाक लोंबकळले असेल तर ४१ अंश. येथे स्टिअरिंगचा वाटा मोठा असल्याने उंचीचा परिणाम आकड्यात लहान दिसतो. परंतु ४५ च्या मर्यादेपाशी प्रत्येक अंश मोलाचा असतो. खडकात अडकलेली गाडी स्टिअरिंग पूर्ण वळवून, लो रेंजमध्ये, ॲक्सिलरेटर दाबून काढण्याचा प्रयत्न म्हणजे सांध्याची कमाल परीक्षा. त्यात मोठे टायर असतील तर भर पडते. टायरचा व्यास ७३ वरून ८० सेंटिमीटर झाला की तेवढीच ओढ निर्माण करण्यासाठी शाफ्टवरचा पीळ सुमारे एक दशांशाने वाढतो.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून गाडी चालविण्याची सवयही येथे नोंदविली पाहिजे. या गाड्यांत पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये मधले डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात हा फरक चाके घसरून भरून काढतात, कोरड्या डांबरावर तो पीळ होऊन शाफ्टमध्ये साठतो.

रबरी बूट

सीव्ही सांध्याचे आयुष्य हे बहुतांशी त्याच्या बुटाचे आयुष्य होय. बूट फाटला की मॉलिब्डेनमयुक्त काळे ग्रीस फेकले जाऊन रिमच्या आतल्या बाजूस उडते आणि मोकळ्या जागेत पाणी व माती शिरते. भंडारदऱ्याच्या हवामानाचा क्रम असा की, पावसाळ्याचे चार महिने पाणी व भातखाचरांचा चिखल आणि पुढे उन्हाळाभर मुरमाची धूळ. चिखलात फाटलेला बूट दिसत नाही. तो दिसतो दिवाळीनंतर गाडी धुतल्यावर, आणि तोवर सांधा दळून निघालेला असतो. उंच केलेल्या गाडीत बुटाच्या घड्या खालच्या बाजूस एकमेकींवर घासत राहतात व तेथेच प्रथम चीर पडते. म्हणून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात दर काही दिवसांनी गाडीखाली डोकावून बुटाच्या घड्या बोटांनी उघडून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चीर दिसली पण आवाज अजून सुरू झाला नसेल, तर सांधा खोलून धुऊन, नवे ग्रीस व नवा बूट बसविल्याने शाफ्ट वाचू शकतो. आवाज सुरू झाल्यावर नवा बूट बसविणे म्हणजे केवळ झाकण घालणे होय.

दोषनिदान

वळणावर, विशेषतः जोर दिलेला असताना, चाकाच्या गतीबरोबर वाढणारी टकटक हे बाहेरच्या सांध्याच्या झिजेचे लक्षण आहे. सरळ रस्त्यावर वेग घेताना पुढची बाजू थरथरते व पाय काढताच थांबते, तेव्हा संशय आतल्या सांध्यावर घ्यावा. एकसारखा घुंई असा आवाज हा बेअरिंगचा असतो, तर खड्ड्यात पडताक्षणी होणारी एकच ठोक बॉल जॉइंट किंवा बुशची. उंच केलेल्या गाडीत बॉल जॉइंटही ताणलेला असतो व हे दोष एकत्र नांदू शकतात. त्यामुळे शाफ्ट मागविण्यापूर्वी चाक जॅकवर घेऊन वर-खाली व आजूबाजूला हलवून पाहणे अगत्याचे आहे. घाईने शाफ्ट बदलला आणि आवाज तसाच राहिला, असा प्रकार अज्ञानापेक्षा या आळसामुळे अधिक घडतो.

कोन मोजण्यासाठी उपकरण नसेल तर गवंड्याचा ओळंबा पुरतो. सपाट जमिनीवर गाडी उभी करून दोन्ही सांध्यांच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची व त्यांतील आडवे अंतर मोजले की कोन काढता येतो. डावी व उजवी अशी दोन्ही मोजमापे लिहून ठेवावीत. टॉर्शन बारचे दोन बोल्ट वेगवेगळे पिळल्यामुळे गाडी एका अंगाला कललेली असणे अपवादात्मक नाही.

शाफ्ट बदलण्याची क्रिया

पुढील वर्णन स्वतंत्र चाकांच्या रचनेस उद्देशून आहे. तपशील गाडीगणिक बदलतात, आणि बोल्ट किती घट्ट करावेत याचे आकडे त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत.

गाडी पक्क्या सपाट जागेवर घ्यावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. हब नट अत्यंत घट्ट असतो. तो गाडी जमिनीवर असताना, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून, फक्त ढिला करून ठेवावा. त्यानंतर चासी स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणे हा जिवाशी खेळ आहे. पावसाने भिजलेल्या मुरमात जॅक कधी रुतेल याचा नेम नसतो. डिफरन्शियलचे ऑइल पसरट भांड्यात काढून डब्यात भरावे. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे व येथील प्रत्येक ओहोळ अखेरीस जलाशयाला मिळतो, तेव्हा ते जमिनीवर ओतू नये हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

चाक काढल्यावर ब्रेक कॅलिपर सोडवून तारेने चासीला टांगावा. तो त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून फाटते आणि हा दोष पुढे घाटात उघड होतो. टाय रॉडचे टोक नकलपासून सोडवावे. वरची भुजा मोकळी करण्यापूर्वी टॉर्शन बारचा ताण कमी करणे आवश्यक असते. ताणलेल्या कांबेत साठलेली शक्ती अचानक सुटली तर हात मोडू शकतो. बोल्ट सैल करण्याआधी बाहेर दिसणाऱ्या आट्यांची लांबी मोजून लिहून ठेवावी, कांबेवर व तिच्या पकडीवर रंगाची खूण करावी. मग वरचा बॉल जॉइंट सोडवून नकल बाहेरच्या बाजूस कलता करावा आणि शाफ्टचे बाहेरचे टोक हबमधून मागे सारावे. ते गंजाने धरले असल्यास त्यावर थेट हातोडा मारू नये, आटे मुडपतात. नट उलटा लावून, वर लाकूड ठेवून ठोके द्यावेत.

आतले टोक डिफरन्शियलला बोल्टने जोडलेले असेल तर बोल्ट काढावेत. सर्क्लिपने अडकलेले असेल तर पहारीने, सांध्याच्या कडेवर, एकच नेमका झटका द्यावा. शाफ्ट ओढून काढण्याचा प्रयत्न केल्यास सरकता सांधा आतल्या आत सुटतो. बाहेर येताना शाफ्टच्या दात्यांनी ऑइल सील कापले जाऊ नये म्हणून वजन हाताने पेलावे. नवा शाफ्ट बसविताना नवे सील घालण्यात काटकसर करू नये.

जुना व नवा शाफ्ट शेजारी ठेवून लांबी, दात्यांची संख्या व सीलची बैठक ताडून पाहावी. अनेक गाड्यांत डावा व उजवा शाफ्ट सारख्या लांबीचे नसतात. जुन्या शाफ्टचे दातेही निरखावेत. दाते सरळ रेषेत न दिसता किंचित पीळ घेतलेले दिसले, तर शाफ्ट केवळ झिजला नसून त्याने क्षमतेपेक्षा अधिक जोर सोसला आहे, असे समजावे. बूट कापून खाचा पुसल्या असता गोळ्यांच्या वाटेवर खड्डे आढळतील; ते कोठे आहेत यावरून बरेच कळते. खाचेच्या मध्यभागी असतील तर मूळ उंचीला झालेली साधी झीज, मध्यापासून दूर असतील तर मोठ्या कोनात घालविलेले आयुष्य. झिजलेला भाग भंगारात टाकण्यापूर्वी असा वाचून घेतला पाहिजे.

जोडणी उलट क्रमाने करावी. नवा सर्क्लिप, दात्यांना ग्रीसचा हात, आणि आतले टोक ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत बसवून मग हलकेच ओढून ते अडकले आहे याची खात्री. हब नट शक्यतो नवा वापरावा व पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळून त्याचे कुलूप करावे. बेअरिंगच्या काही रचनांत हा नटच बेअरिंगचे दोन भाग दाबून धरतो. तो आवळण्यापूर्वी चाकावर गाडीचे वजन टाकले तर नवे-जुने कोणतेही बेअरिंग खराब होते. नंतर योग्य प्रतीचे ऑइल भरावे आणि टाय रॉड सोडवला असल्याने चाकांची अलाइनमेंट तपासावी.

आता टॉर्शन बारचा प्रश्न उरतो, आणि खरा निर्णय येथेच घ्यावयाचा असतो. मोजून ठेवलेल्या जुन्या खुणेवर बोल्ट परत आणला, तर गाडी पूर्वीइतकीच उंच होईल आणि नवा शाफ्ट जुन्याच्याच वाटेने जाईल. उंची निम्म्यावर आणली, तर वरील उदाहरणात कोन १४ वरून साडेदहा अंशांच्या आसपास येतो. ज्यांना उंची सोडवत नाही, त्यांच्यासाठी डिफरन्शियलच ठोकळे घालून खाली उतरविण्याचा मार्ग आहे. त्याने शाफ्ट पुन्हा सरळ होतो, परंतु डिफरन्शियल खडकाच्या जवळ येते. मग उंची वाढवून मिळविले काय, हा प्रश्न मालकाने स्वतःस विचारावा. नव्या थारची जमिनीपासूनची मूळ उंची २२६ मिलिमीटर आहे. जलाशयाभोवतीच्या रस्त्यांना त्याहून अधिक उंची क्वचितच लागते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ मध्ये, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. झिजलेल्या शाफ्टच्या जागी तसाच शाफ्ट बसविणे ही निव्वळ दुरुस्ती होय. उंची व टायर यांतील फेरफार मात्र या तरतुदींच्या कक्षेत येऊ शकतात. प्रवासी घेऊन जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत, अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात हा प्रश्न उपस्थित होऊ शकतो, आणि तेव्हा पाच हजारांचा दंड ही सर्वांत लहान बाब ठरते.

वाटेत शाफ्ट तुटल्यास

घाटघरच्या बाजूस पावसात गाडीचा पुढचा शाफ्ट तुटला, तर सर्वप्रथम लिव्हर टू-व्हीलमध्ये घ्यावा. मागच्या चाकांवर गाडी बहुधा चालू शकते. परंतु तुटलेला बाहेरचा सांधा फिरताना अडकला, तर स्टिअरिंग जाम होण्याचा धोका असतो. म्हणून चाक उचलून हाताने फिरवून पाहावे, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. सांधा अडत असेल तर शाफ्ट काढावा लागतो. येथे नेहमी होणारी चूक म्हणजे शाफ्ट पूर्ण काढून हब रिकामा ठेवून गाडी चालविणे. ज्या रचनेत हब नट बेअरिंगला धरून ठेवतो, त्यात असे केल्यास बेअरिंग सुटून चाकच निखळू शकते. अशा गाडीत सांधा खोलून त्याचे बाहेरचे टोक तेवढे हबमध्ये परत बसवावे, नट पूर्ण आवळावा, आणि डिफरन्शियलचे उघडे भोक स्वच्छ फडके व प्लॅस्टिकने घट्ट बांधून सावकाश शेंडीपर्यंत यावे. ऑइल गळून गेले असल्यास पुढच्या प्रवासापूर्वी ते भरून घ्यावे. झिजलेल्या पण न तुटलेल्या जुन्या शाफ्टचे असे बाहेरचे टोक पोत्यात गुंडाळून गाडीत ठेवणाऱ्या चालकाला या कामासाठी रस्त्यावर सांधा खोलत बसावे लागत नाही.